माझ्या पडद्यावर देवीलालकाकांचं नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी थकलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे तिखट बोललो तर म्हातारा चिडका आहे म्हणू नका. चिडका आहेच, पण उगाच नाही.

माझी उमेदीची वर्षं पुसदला देवीलालकाकांच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेली. पुण्याला जाणाऱ्या गाड्यांच्या सीटा मीच वाटायचो. दिवाळीत मला दम खायला फुरसत नसे. दसऱ्याला हार मिळे, 'लय गुणाचा आहे' असं कौतुक होई. मग नवा संगणक आला आणि मी जिन्याखाली, पाण्याच्या रिकाम्या कॅनांमागे गेलो. तीन वर्षं कुणी माझी धूळही पुसली नाही.

काकांच्या तांड्यात समाजमंदिराच्या खोलीत अभ्यासिका निघाली, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. तांड्यात मोबाइलला रेंज येत नाही. खोलीत नेटची एकच वायर येते. ते नेट सगळ्यांना वाटून द्यायला राउटर हवा होता. पुसदला दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अश्वजितने मला उघडलं, साफ केलं, मोबाइलना नेट पोचवणाऱ्या वायफायच्या डबीसाठी दुसरी वायर लावायची सोय केली.

"याच्यात लिनक्स टाकतो," तो रंजिताला म्हणाला. अभ्यासिकेची किल्ली तिच्याकडे असते. नर्सिंगला जायचं म्हणून ती दोन वर्षं अभ्यास करते आहे. "लिनक्स म्हणजे संगणक चालवणारं फुकटातलं सॉफ्टवेअर. त्याचे लय प्रकार आहेत. एक बिनचित्राचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस. पडदा काढून ठेवला तरी चालते. दुसरा नटलेला, फोटो-बिटो सगळं. पण याची मेमरी आहे एवढीशी. याले पहिलाच झेपंन."

"मंग पहिलाच टाका ना, दादा. आमाले कुठं फोटो पाहाचे आहेत."

त्याने पहिला टाकला. मित्रांनो, इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. वीस-पंचवीस मोबाइल मी एका दमात सांभाळत होतो.

मग उद्घाटन आलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे बंद कायले ठेवलं?"

"बंद नाही, काका," अश्वजित म्हणाला. "हेच तर नेट वाटून राह्यलं."

"मंग माहं नाव कुठं आहे? पंख्याच्या पात्यावर नाव आहे, घड्याळावर आहे, माठावर आहे. संगणकालेच काळं फासलं काय?"

"खोक्यावर रंगवून देतो ना."

"खोकं टेबलाखाली. वाकून कोण वाचते, बाबू?"

अश्वजितला सगळं कळत होतं. तरी तो म्हणाला, "पाहू, चालंन." अडाणी माणसाचा मला राग येत नाही. ज्याला कळतं आणि तरी जो मान डोलावतो, त्याचा येतो. त्याने नटलेला लिनक्स टाकला. पडद्यावर 'सप्रेम भेट' आणि काकांचं नाव मोठ्या अक्षरांत आलं, खाली त्यांचे फोटो एकामागून एक फिरू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हार घातला.

पंधरा दिवसांनी यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत रंजिताचं नाव लागलं. शुक्रवारी पाचच्या आत साइटवर होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती चारलाच बसली. शेजारी तिची आई सुखीबाई. त्या दिवशी खोली भरलेली होती, सगळ्यांचे मोबाइल चालू होते, आणि माझी मेमरी संपली.

अशा वेळी लिनक्स काय करतं ठाऊक आहे? चालू असलेल्या कामांपैकी एकाचा बळी देतं. त्याने साइटचे पत्ते शोधून देणारं काम मारलं. फोटो जिवंत ठेवले. आता वायरीत नेट होतं, पण एकही साइट उघडेना.

"काका, नेट गेलं."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या काकांनी मान वर केली. "गेलं कसं? पडदा तर चालू आहे. तुहा मोबाइलच बिघडला असंन."

"बंद करून चालू करू का याले?"

"हात नको लावू. फोटो जातीन."

रंजिताने अर्ध्या तासात मोबाइल तीनदा बंद-चालू केला. मग उठली आणि रेंजसाठी तीन किलोमीटरवरच्या डांबरी रस्त्याकडे धावत सुटली. रेंज मिळाली तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सुखीबाई काकांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुमचं नाव चांगलं मोठं दिसते. माह्या पोरीचं यादीतून गेलं."

अश्वजितला काकांनीच बोलावून आणलं, आणि माझा पडदा स्वतःच्या हातांनी काढला. अश्वजितने पहिला लिनक्स टाकला आणि मी पुन्हा बिनचित्राचा झालो. अश्वजित रंजिताला म्हणाला, "तवाच नाही म्हणायले पाहिजे होतं मी." ती म्हणाली, "हो, दादा. पाहिजे होतं." बरं केलं. मी असतो तर आणखी बोललो असतो.

प्रवेशाची पुढची फेरी येत्या मंगळवारी आहे. यवतमाळची जागा उरेल की नाही, कुणाला ठाऊक नाही. रंजिता रोज येते, मी तापलो का ते हात लावून पाहते, माझ्यावर कुणी दप्तर ठेवलं असेल तर उचलून बाजूला टाकते.

मित्रांनो, जुन्या यंत्राला एवढंच लागतं. हार नको. त्याला काय झेपतं ते आधी विचारा, आणि जे झेपत नाही ते कुणाच्या भिडेखातर लादू नका. मंगळवारपर्यंत मी बंद पडणार नाही. त्यापुढचं मी कुणाला वचन देत नाही.