रखमाबाईंची कॉफी आणि मानाची साडी

म्हातारपणी कॉफी प्यायली की डोकं शाबूत राहतं, असं कल्पिताने मोबाइलवर वाचलं आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या निम्म्या घरांची शांतता तिथेच संपली. तिच्या सासूबाई, रखमाबाई, गॅसवर दूध ठेवून विसरायच्या. कल्पिताने त्यांचा चहा बंद करून कॉफी सुरू केली.

महिन्याभरात दूध उतू जायचं थांबलं. पुढच्या महिन्यात रखमाबाईंना कोणत्या बारशाला कोणी कोणता ब्लाउजपीस दिला, हे आठवायला लागलं. आता ब्लाउजपीस शिवायचे नसतात, फिरवायचे असतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते फिरतात विसराळूपणाच्या वंगणावर. शेजारणीने हळदीकुंकवाला पिवळा खण दिला, तर रखमाबाईंनी त्याची खुशाली विचारली, माहेरी आलेल्या लेकीची विचारावी तशी. ती शेजारीण अजून दुसऱ्या जिन्याने येते-जाते.

अशात नात संचिताचं लग्न जमत आलं. मुलगा डोंबिवलीचा, सलिल. दोघांचं आपसात ठरलेलं, राहिली होती मोठ्यांची बैठक. डोंबिवलीकर आजीसाठी मानाची साडी आणणार म्हटल्यावर कल्पिताला घाम फुटला. सासूबाईंनी साडी ओळखली आणि बोलून दाखवलं, की स्थळ गेलंच.

कॉफी चुकवणं शक्य नव्हतं. रखमाबाईंच्या तेही लक्षात राहिलं असतं. म्हणून कल्पिताने जायफळाला साकडं घातलं. जायफळाने झोप येते. बैठकीच्या दिवशी तिने अख्खं जायफळ किसून पातेल्यात घातलं. पातेलं सगळ्यांचं एकच, पण पाहुण्यांना थोडी सुस्ती आली तर बिघडलं कुठे?

संचिता आणि सलिल तलावपाळीला फिरायला सटकले होते. इकडे कॉफी झाली आणि सलिलची आई साडी रखमाबाईंच्या हाती देता देता सोफ्यावर कलंडली. मागोमाग बापमंडळी घोरू लागली. कल्पिताही ट्रे मांडीवर घेऊन गाढ झोपली. जाग्या राहिल्या फक्त रखमाबाई आणि सलिलची आजी गंगुबाई. गंगुबाईही वर्षभर कॉफीवर होत्या. दोघींचे मेंदू जायफळाला भीक घालत नव्हते.

"ही माझीच साडी हो," रखमाबाई म्हणाल्या. "कळव्याला नणंदेच्या वास्तुशांतीत दिलेली."

"तिथून ती कल्याणला मुंजीत गेली, मग आमच्या सुनेकडे आली," गंगुबाई म्हणाल्या. "ही नेऊ नकोस, म्हटलं होतं मी. तर म्हणाली, तिकडच्या आजींना काय आठवतंय?"

दोघींनी साडी उलगडली. इतक्या वर्षांत ती कोणीच उलगडली नव्हती. घडीघडीवर चिरून तिच्या पट्ट्या झाल्या. त्या पट्ट्या मांडीवर घेऊन दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसण्याने कल्पिताला जाग आली. समोर साडीची लक्तरं बघून तिने हातच जोडले.

"आई, संचिताचं तरी बघा हो."

"बघितलं. लग्न ठरलं," रखमाबाई म्हणाल्या. "एवढ्या जुन्या सोयऱ्यांना नाही कोण म्हणतं? पत्रिकेवर तेवढं 'आहेर आणू नये' असं ठळक छापा. हॉलच्या दारात आम्ही दोघी बसणार आहोत."

लग्नाला कळव्यापासून कल्याणपर्यंतचा सगळा गोतावळा हात हलवत आला. रोख पाकीटसुद्धा कोणी काढलं नाही. न जाणो, म्हाताऱ्यांना नोटेचा नंबर आठवायचा.