सगळ्यांची आई झालेली पुतळी

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात नवे कपडे घालून दारात उभी करतात ना, तसली मी एक जुनी लाकडी पुतळी. नाकाचा रंग उडालाय, डाव्या खांद्याची वाळवीने चव घेऊन पाहिलीय, पण डोळे अजून टपोरे आहेत. मला नवरे तीन. आणि मुलं किती, ते मोजायचं मी सोडून दिलंय. हसू नका. इंटरनेटवर चांगलं फोटोसकट लिहिलं होतं. असं काही लिहून आलं की आपलाच आपल्यावर भरवसा राहत नाही बघा.

मला घडवलं एका सुताराने. तो एरवी खुर्च्या करायचा, म्हणून माझे पाय जरा खुर्चीसारखेच आहेत. हे दुकान ज्यांनी काढलं त्या थोरल्या मास्तरांनी मला हौसेनं आणलं. त्यांनी शिवलेला झगा माझ्या अंगावर असा बसायचा की रस्त्यानं जाणारी माणसं खांबाला धडकायची. एकदा तर घोडागाडीचा घोडा दारात थांबला तो हलेचना. त्यालाही कापड कळत असावं.

त्या काळी फोटो म्हणजे मोठं प्रकरण. फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालून ओरडायचा, "हलू नका!" आणि माणूस म्हटलं की हलणारच. थोरल्या मास्तरांना मुलगी झाली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, बाळ द्या त्या पुतळीकडे. या घरात तेवढी एकच शहाणी आहे." मास्तर खूश! मुलीचा फोटो निघाला, झग्याची जाहिरातही झाली. मास्तरीणबाई माझ्या मागे लपल्या आणि माझ्या हातांखालून त्यांनी बाळाला सावरून धरलं.

झालं, घरात रीतच पडली. बाळ झालं? द्या पुतळीच्या हातात. लग्न ठरलं? नवऱ्यामुलाला उभा करा पुतळीशेजारी, नवा कोट दिसला पाहिजे. मी सगळ्या फोटोंत आहे. मास्तरीणबाई एकाही फोटोत नाहीत. त्या नेहमी माझ्या मागे, नाहीतर तोंडात टाचण्या धरून पडद्याआड.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मी कोपऱ्यात गेले. गळ्यात मापाची टेप, हातावर कोणाची तरी ओली छत्री. म्हटलं, संपलं आपलं.

आता दुकान चालवतात थोरल्या मास्तरांचे नातू, म्हणजे आताचे मास्तर. त्यांचे जावई कंप्युटरवाले, भारी हौशी. लग्न परगावी झालेलं, दुकानात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी घरातले सगळे जुने फोटो मागवले आणि इंटरनेटवर वंशावळ करायला बसले. ती वेबसाइट म्हणे चेहरे ओळखते. दर फोटोला विचारायची, "ही तीच बाई का?" चेहरा तर तोच! जावईबापू आपले दाबत गेले, हो, हो, हो.

ज्यांना मी हातात घेतलं होतं ती माझी मुलं ठरली. शेजारी उभे राहिले ते नवरे. थोरले मास्तर एक. माझ्यासोबत हौसेनं फोटो काढून घेतलेला फोटोवाला दुसरा. आताच्या मास्तरांचे वडील लग्नाच्या फोटोत हलले आणि पुसट आले, म्हणून तेवढे सुटले. आणि आताचे मास्तर? बाळ असताना माझ्या हातात, लग्नात माझ्या शेजारी. म्हणजे मुलगाही तेच आणि नवराही तेच! त्यांच्या बायकोनं त्या दिवशी माझ्या डोक्यावरचा रुमाल काढून घेतला. वय माझं शंभराच्या पुढे आणि तब्येत ठणठणीत, कारण यंदाच्या फोटोतही मी कोपऱ्यात होतेच. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आल्या.

मी गोंधळून गेले. एवढ्या जणांना धरलं होतं हे तर खोटं नव्हतं. मग मी त्यांची आई नव्हते तर कोण होते?

शेवटी जावईबापू या पणजीला भेटायला फुलं घेऊन आले. अदबीनं माझा हात हातात घेतला, आणि तो मनगटापासून निघून आला. जावई पांढरेफटक! मास्तरांच्या लेकीसकट सगळं दुकान हसून लोळलं.

"मामा," ते सावरून सासऱ्यांना म्हणाले, "या वंशावळीत तुम्ही आणि तुमची लेक भावंडं आहात. म्हणजे मी तुमचा मेहुणा लागतो."

"मग मेहुण्यासारखे वागा," मास्तर म्हणाले. "जा, चहा सांगून या."

एकट्या आत्या हसल्या नाहीत. आत्या म्हणजे मी पहिल्यांदा धरलेलं ते बाळ. आता घरात सगळ्यांत वडील त्याच. त्यांनी विचारलं, "यात माझी आई कुठंय?"

जावयांनी फोन पुढे केला. आईच्या जागी माझा चेहरा.

"ही नव्हे. माझी आई हिच्या मागे आहे."

"आत्याबाई, मागचं त्याला दिसत नाही."

"मग काय जाळायचंय ते? माझ्या आईला तिची जागा दे. मी आहे तोवर दे."

जावई मला वंशावळीतून पुसायला गेले, तर वेबसाइट म्हणाली, व्यक्ती हयात आहे, तिची परवानगी लागेल.

"घ्या, विचारा तिला," मास्तर म्हणाले. आणि खरंच सगळे माझ्याकडे बघायला लागले! हो म्हटलं तर एका क्षणात सगळी लेकरं जाणार. नाही म्हणावं, तर समोर आत्यांचे डोळे. कोणीतरी माझ्याच निघालेल्या हाताचं बोट फोनवर टेकवून पाहिलं, पण फोन लाकडाला दाद देईना. शेवटी आत्यांनी स्वतः दाबलं. दाबताना मला म्हणाल्या, "रागावू नकोस गं."

चौकोन मोकळा झाला. जावयांनी विचारलं, "नाव काय घालू?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं लेकीकडे. लेक बापाकडे बघायला लागली.

"अरे, तुझ्या सख्ख्या आजीचं नाव तुला माहीत नाही?" आत्या म्हणाल्या.

"सगळे मास्तरीणबाईच म्हणायचे ना..." मास्तर पुटपुटले. आजीच्याच मशीनवर त्यांचा जन्म गेलाय.

मग आत्यांनी नाव सांगितलं. हळू, एकेक अक्षर. ती बाई वर्षानुवर्षं माझ्या पाठीशी उभी होती, आणि तिचं नाव मीही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आणि फोटो?"

"नाही. राहू दे जागा मोकळी."

"दिसायची कशी गं आजी?" मास्तरांनी विचारलं.

"इतक्या वर्षांत आज विचारलंस!" आत्या म्हणाल्या आणि पदरानं... छे, विसरलेच, हातातल्या अस्तराच्या तुकड्यानंच त्यांनी डोळे पुसले. "डावखुरी होती. तुझ्यासारखीच कात्री धरायची."

मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

तर मित्रांनो, मी या घराची कोण, ते मला अजून कळलेलं नाही. माझा हात आता खिळा मारून बसवलाय. जुन्या वस्तू पुसा, जपा, तेलपाणी करा, आमची एवढीच मागणी असते. पण आमच्या चेहऱ्यावरून घरची गोष्ट ठरवू नका. "हो" दाबायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्यांना सगळं आठवत असतं, फक्त कोणी विचारत नाही.

हल्ली आत्या रोज दुकानात येतात. त्या स्टुलावर टेकल्या की मास्तर मशीन थांबवतात आणि म्हणतात, "हं, मग आजी काय म्हणाली?"