अस्सल खोका

"नकली चित्राकडे माणूस बघतो. अस्सल चित्र माणसाकडे बघतं," भिंतीपासून दोन पावलं मागे सरत निकुंजबिहारी सर्खेल म्हणाले.

"मग त्याला आधी सुलटं करा," त्यांच्या पत्नी सुरमादेवी म्हणाल्या. "होडी आभाळात चाललीय."

निकुंजबाबूंनी चित्र सुलटं केलं. थोर चित्र उलटं टांगलं तरी त्याचा तोल ढळत नाही, हे आत्ताच सिद्ध झालं, एवढं मात्र त्यांनी नोंदवून ठेवलं.

कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत रविवारच्या लिलावातून आजवर बरीच थोर चित्रं आली होती. एका जुन्या डच निसर्गदृश्याच्या पाठीमागे बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघालं. एका मोगल शहजाद्याच्या मनगटावर घड्याळ होतं. शेवटी सुरमादेवींनी अट घातली. हे शेवटचं. खरं निघालं तर रविवार तुमचा. खोटं निघालं तर रविवारी मासळीबाजार आणि घर. लिलावाची पायरी बंद. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून निकुंजबाबूंच्या आठवड्यात रविवार हाच काय तो वार उरला होता. बाकीचे सहा नुसते त्याची वाट बघत बसायचे.

"या खेपेला शंकाच नाही," ते म्हणाले. "हे थोर चित्रकार हिरण्मय तलापात्रांचंच. होडीत नावाडी नाही, बघितलंस? नावाड्याशिवाय होडी सोडायची हिंमत दुसऱ्या कुणात होती?"

"बुडेल ती."

"आणि हा पिवळा. वाटलेल्या मोहरीचा. असा पिवळा एकट्या तलापात्रांना साधायचा."

"मलाही साधतो. इलिश मासा आणून द्या, दाखवते."

निकुंजबाबूंनी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. चित्राच्या पाठीवरचा कुजका कागद त्यांनी हलक्या हाताने सोलला होता, आणि खाली फिकट शाईत अक्षरं निघाली होती : 'स्नेहपूर्वक, खोका.' हा खोका म्हणजे लाकडी खोका नव्हे. बंगाल्यांत आई मुलाला लाडाने खोका म्हणते, आपण बाळ म्हणतो तसं. मग तो पुढे न्यायाधीश होऊन निवृत्त झाला तरी घरात खोकाच राहतो.

"तलापात्रांची आई त्यांना खोका म्हणायची. जाणकारांना हे ठाऊक असतं."

"आपला मासेवाला खोका. दातांचे डॉक्टर खोका. माझ्या थोरल्या भावाला, बडदालाही आई खोकाच म्हणायची. कलकत्त्यात दगड भिरकावलात तर तो एखाद्या खोकालाच लागेल, आणि भिरकावणाराही खोकाच असेल."

"पण त्यांच्यातल्या कुणी चित्रं काढली का?" या प्रश्नाला उत्तर नसतं अशी खात्री असल्यामुळेच निकुंजबाबूंनी तो विचारला.

चित्र टांगायला त्यांनी मच्छरदाणीच्या चौथ्या कोपऱ्याचा खिळा काढून घेतला होता. त्या कोपऱ्याची दोरी सुरमादेवींनी कपाटाच्या कडीला बांधली. कुणी कूस बदलली की कपाट उघडायचं आणि डास आत यायचे. निकुंजबाबूंचं तिकडे लक्ष नव्हतं. टॉर्चचा उजेड चित्रावर तिरपा टाकल्यावर होडीच्या टोकाशी त्यांना रंगाचा एक उंचवटा सापडला होता. इथे उस्तादाचा कुंचला थबकला, असा त्यांनी निर्वाळा दिला.

मग भाईफोंटा आला, म्हणजे आपली भाऊबीज. सुरमादेवींचे थोरले भाऊ अनादिनाथ, म्हणजेच बडदा, पाटावर येऊन बसले. हे निवृत्त स्टेशनमास्तर. गाडी सुटण्याखेरीज कशाचीही घोषणा न करणारे. बहिणीने करंगळीने कपाळाला चंदन लावलं आणि पुढ्यात टम्म फुगलेल्या लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, ठेवल्या. तोंड भरलेला पाहुणा उठून जाऊ शकत नाही, हे हेरून निकुंजबाबूंनी व्याख्यान सुरू केलं. रिकाम्या होडीतला विरह झाला. पिवळ्यातलं वैराग्य झालं. ते थबकलेल्या कुंचल्यापाशी आले तेव्हा बडदांचं चावणं थांबलं.

"तिथे नावाडी होता," बडदा म्हणाले.

"कुठे?"

"त्या उंचवट्याखाली. ते त्याचं डोकं आहे. हातच जमेनात त्याचे. वल्ह्यावरचा पंजा केळ्यांच्या फणीसारखा दिसायला लागला. शेवटी पाण्याने झाकून टाकला."

ताटातल्या लुचीची हवा गेली होती. निकुंजबाबूंची जात होती.

"आणि पिवळा, बडदा?"

"तेवढाच रंग उरला होता."

"मागे खोका लिहिलंय."

"गल्लीतला माझा दोस्त गोपाल, त्याच्या लग्नात मीच काढून दिलं होतं. तो मला खोकाच म्हणायचा. दिवाणखान्यात लावलंय म्हणून सांगायचा." बडदांनी चित्राकडे बघितलं. "लिलावात कसं आलं?"

सुरमादेवींनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"मग?" सुरमादेवींनी नवऱ्याला अगदी हळुवार विचारलं. "खोटं ना?"

निकुंजबाबूंना आपला रविवार इतर सहा वारांच्या रांगेत जाऊन उभा राहताना दिसला. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला.

"खोटं कसं? पाठीवर नाव कुणाचं? खोकाचं. काढलं कुणी? खोकाने. चित्रकार समोर बसून लुची खातोय. एवढा पुरावा कुठल्या संग्रहालयापाशी असतो? आणि यात काहीतरी आहे हे ओळखलं कुणी? गोपालने तर विकून टाकलं."

बडदांची पाठ हळूहळू ताठ झाली. त्यांनी न मागता आणखी एक लुची घेतली.

"निकुंजची नजर चांगली आहे, सुरमा. मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

"कधी म्हणालास?"

"मनात."

सुरमादेवींनी भावाकडे बघितलं. कपाळावरचं चंदन अजून ओलं होतं. आजच्या दिवशी भावाच्या हातचं काही खोटं म्हणायचं, म्हणजे ते चंदन आपल्याच हाताने पुसण्यासारखं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "रविवार तुमचा."

"बडदांच्या सुरुवातीच्या काळातलं हे चित्र," निकुंजबाबू पुन्हा दोन पावलं मागे सरले, "आज ना उद्या जगाला..."

"जगाचं नंतर बघा. लिलावातून येताना मच्छरदाणीसाठी एक खिळा आणा. आणि तो मात्र अस्सल जुना नको, नवाच आणा."