यादीतलं पहिलं नाव

वर्लीन स्टिडमच्या स्वयंपाकघरातला फोन दिवसातून सहा वेळा वाजायचा आणि सहाही वेळा पलीकडे कर्जाची कंपनीच असायची. पहिला फोन सकाळी आठच्या ठोक्याला. बाई दात घासत असो की बिस्किटांचं पीठ मळत असो, कंपनीला त्याचं काय? सातवा फोन कुणाचाच येत नसे. पूर्वी रविवारी बहिणीचा यायचा, तोही बंद झाला होता.

घर चाकांवरचं. केंटकीच्या त्या खोऱ्यात अर्ध्याअधिक लोकांची घरं अशीच. जमीन आजोबांच्या वेळेपासूनची, आणि तिच्यावर उभं घर मात्र हप्त्यावरचं, कारखान्यातून ट्रकमागे ओढत आणलेलं. चौदा वर्षांपूर्वी वर्लीन आणि तिचा नवरा डेल्बर्ट ते घ्यायला गेले, तेव्हा विक्रेत्याने दोघांना कॉफी पाजली आणि सगळ्या सह्या झाल्यावर शेवटी एक कागद पुढे सरकवला. त्यावर दहा रिकाम्या ओळी होत्या. तुमचा ठावठिकाणा कायम माहीत असेल, पण तुमच्या घरात राहत नसतील अशा दहा माणसांची नावं, नातं आणि फोन नंबर.

व्याजाच्या कागदांनी वर्लीनचं डोकं भणभणलं होतं, पण हा कागद तिला फार आवडला. आपल्याला दहा माणसं आहेत, हे असं कुणी कधी लिहून मागितलं नव्हतं. लग्नाच्या आमंत्रणाची यादी करावी तशी ती हौसेने लिहायला बसली. पहिल्या ओळीत तिने लिहिलं: वेंडल स्टिडम, मुलगा.

"अहो बाई, हा तुमच्याच घरात राहतो ना?" विक्रेता म्हणाला. "घरातला माणूस चालत नाही."

"एकोणीस वर्षांचा घोडा आहे तो," वर्लीन म्हणाली. "काय जन्मभर माझ्या उशाशी बसणार आहे? आज ना उद्या जाईलच की."

डेल्बर्ट हसला, विक्रेताही हसला, आणि नाव राहिलं.

वेंडल गेला तो सात वर्षांनी, आणि हसत गेला नाही. खाणीत पाठ मोडून घरी बसलेल्या डेल्बर्टला दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या. त्या काळात त्या गोळ्यांच्या नशेने खोऱ्यातली किती पोरं गिळली त्याचा हिशेब देवालाच ठाऊक. एके दिवशी गोळ्यांची भरलेली बाटली नाहीशी झाली. डेल्बर्टने वेंडलचा दंड धरून त्याला अंगणात काढलं. वेंडल एकच वाक्य परत परत म्हणत राहिला, "आई, मी घेतली नाही. आई, तू तरी सांग ना." आई दाराची जाळी धरून उभी होती. तिने काही सांगितलं नाही. तिला वाटलं, दोन दिवसांत दोघांची डोकी थंड होतील. वेंडलने गाडी सुरू केली ती आजतागायत परत वळवली नाही, आणि त्याचा फोन नंबरही महिन्याभरात बंद पडला.

तीन वर्षांपूर्वी डेल्बर्ट गेला. आणि गेल्या हिवाळ्यात, जमिनीतून गरम हवा येते ती जाळी झाडायला वर्लीनने उचलली, तर खाली धुळीत बाटली. तोंडापर्यंत भरलेली, वर डेल्बर्टचं नाव. आरामखुर्चीवरून घरंगळली असणार आणि सैल जाळीच्या फटीतून गेली असणार. वर्लीन तिथेच जमिनीवर बसून राहिली. गरम वारा तोंडावर येत होता आणि तिला हुडहुडी भरली होती. आता हे सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तो कुठे आहे हेच माहीत नाही. शेजारच्या ग्लेडाच्या मुलीने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. वेंडल स्टिडम पुष्कळ निघाले, पण त्यातला एकही तिचा नव्हता.

वर्लीन वृद्धाश्रमाच्या धुलाईखात्यात कामाला होती. वसंतात तिथले तास निम्म्यावर आले आणि त्या महिन्याचा हप्ता चुकला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कंपनीने तिच्या अब्रूची किंमत काय लावली होती ते आठवड्याभरात कळलं. त्यांनी तो जुना कागद काढला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून फोन लावले.

बहिणीला फोन गेला. बहीण म्हणाली, "वर्लीन, माझ्या नवऱ्याने उचलला फोन. त्याच्यासमोर मला कसं झालं असेल?" पास्टर क्लाइडना गेला. धुलाईखात्यातल्या मुकादमीणबाईला तर दोनदा गेला. ग्लेडा तेवढी कुंपणाशी येऊन मोकळेपणाने म्हणाली, "मावशी, मलाही फोन आला. मी त्या पोरीला सांगितलं, तुझ्या आईला असे फोन केले तर चालतील का म्हणून." वर्लीनला बरं वाटलं. पण पुढे ग्लेडाही कुंपणाशी येईनाशी झाली. वर्लीनने तोंड उघडलं तर पैसेच मागेल, अशी धास्ती सगळ्यांना बसली असावी. तिने आयुष्यात कुणाकडे कपभर साखर मागितली नव्हती.

त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. प्रार्थनेआधी ज्याला जे मागणं असेल ते त्याने उठून सांगायचं: कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची नोकरी. आणि सांगता येण्यासारखं नसेल तर नुसता हात वर करून म्हणायचं, "माझं न सांगण्यातलं आहे." मग कुणी विचारत नाही, सगळे त्यासाठी डोळे मिटतात. त्या रविवारी वर्लीनने हात वर केला. "माझं न सांगण्यातलं आहे." पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घराचा हप्ता, दुसरं काय! सगळ्यांनी मनापासून तिच्या हप्त्यासाठी प्रार्थना केली. बाटलीसाठी कुणी केली नाही, कारण बाटली कुणाला माहीतच नव्हती. भर चर्चमध्ये आपण एकट्या आहोत असं वर्लीनला वाटलं आणि रडू येऊ नये म्हणून ती भजनाच्या पुस्तकातले आकडे वाचत बसली.

पुढच्या महिन्यात तास परत मिळाले. वर्लीनने टपाल कचेरीतून दोन्ही हप्त्यांच्या मनीऑर्डरी काढल्या, पाकिटात घातल्या, तिकीट चिकटवलं. पाकीट टपालपेटीत ठेवायला ती निघणार तोच आठचा फोन वाजला.

कंपनीतून बोलायची ती मुलगी स्वतःला अँबर म्हणवायची. खरं नाव दुसरंच असणार. पण आवाज कोवळा होता आणि शिव्या देत नसे, म्हणून वर्लीनला ती त्यातल्या त्यात बरी वाटे.

"मिसेस स्टिडम, आम्ही तुमच्या यादीतल्या सगळ्यांशी बोललोय. काल तुमच्या मुलाशीही बोलणं झालं."

वर्लीनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कुणाशी?"

"वेंडल स्टिडम. पहिलं नाव. जुना नंबर बंद होता, पण आमच्याकडे माणसं शोधणारं खातं आहे ना."

"कसा आहे तो?"

"अं... मॅडम, आम्ही तसं काही विचारत नाही."

"आवाज कसा होता त्याचा? खोकत होता का? लहानपणापासून छाती कमजोर आहे त्याची."

"मॅडम, तुम्ही पैसे कधी भरताय?"

"त्याचा नंबर दे मला, बाळ."

"तो देता येत नाही. गोपनीय असतं."

तिची थकबाकी दहा घरांत वाजवताना ही गोपनीयता कुठल्या खुंटीला टांगली होती कोण जाणे! वर्लीन मात्र चिडली नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मग त्याला परत फोन कराल तेव्हा एवढं सांग. बाटली सापडली म्हणावं. जाळीखाली होती. एवढंच."

"आम्हाला निरोप देता येत नाहीत, मॅडम. सगळे कॉल रेकॉर्ड होतात."

"पण परत फोन करणार ना त्याला?"

"तुम्ही भरलं नाही तर करावाच लागेल."

फोन ठेवल्यावर वर्लीनने तिकीट लावलेलं पाकीट कपबशांच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे सरकवून ठेवलं.

आयुष्यभर देणं वेळेवर देणारी बाई हातात पैसे असून बुडवी झाली ती अशी. सहाही फोन ती आता पहिल्या घंटेला उचलायची. कधी अँबर असायची, कधी खेकसणारा एखादा पुरुष. ती सगळ्यांना एकच निरोप द्यायची आणि सगळे तिला एकच तारीख विचारायचे. शनिवारी फोन कमी यायचे. शनिवार तिला जड जायचा.

तिसरा महिना लागला तेव्हा कंपनीचा माणूस आला. त्याने घराभोवती फेरी मारली, खालचा पत्रा बाजूला करून वाकून पाहिलं, फोटो काढले.

"चाकं आहेत का अजून?" त्याने विचारलं.

"आहेत. माझ्या नवऱ्याने विकली नाहीत. कॉफी घेणार का?"

"नको, बाई. मी फक्त बघायला आलोय." मग त्याला राहवलं नाही. "भरून टाका हो. परत आलो तर ट्रक घेऊन येईन. आत भांडीकुंडी असली तरी आम्ही ओढतो."

त्याची गाडी वळणाआड गेली आणि वर्लीन घरात आली. वेंडलला हे एकच दार माहीत. दारच ओढून नेलं तर तो येणार तरी कुठे? फळीवरचं पाकीट तिने खाली घेतलं. एक फोन, फक्त एक फोन त्याला आणखी जाऊ दे, मग उद्या भरते, असं स्वतःला बजावून परत वर ठेवलं. असं ती तीन दिवस करत होती.

चौथ्या दिवशी आठला फोन वाजला नाही. साडेआठला नाही. दहा वाजता वाजला, आणि अँबर होती.

"मिसेस स्टिडम, तुमचं खातं पूर्ववत झालंय. सगळी थकबाकी भरली गेली, दंडासकट. पुढचे दोन महिनेही आगाऊ भरलेत."

"मी नाही भरले."

"तुमच्या मुलाने. काल फोनवरून."

वर्लीन खुर्चीत बसली. फोनची वायर ताणली गेली.

"तू सांगितलंस त्याला?"

पलीकडे की-बोर्डचा आवाज थांबला. अँबर अगदी हळू बोलायला लागली. "सांगितलं. बाटली सापडली, जाळीखाली होती. आता रेकॉर्डिंग ऐकलं कुणी तर माझी खैर नाही."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, घर अजून त्याच जागी आहे का? मी म्हटलं, आहे, पण फार दिवस राहणार नाही. मग त्याने कार्डाचा नंबर सांगितला."

"आणि?"

"आणि म्हणाला, त्याचं नाव यादीतून काढून टाका. परत फोन करू नका."

"रागावून म्हणाला?"

"नाही हो," अँबर म्हणाली. "मला लोक रागावतात तेव्हा कळतं. तसं नव्हतं." मग नेहमीच्या आवाजात तिने आणखी काही मदत हवी का विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन वाजेनासा झाला. दिवसातून सहा वेळा वर्लीनचे कान उभे राहायचे आणि खाली पडायचे. धुलाईखात्यातून आली की ती आधी रिसीव्हर उचलून बघायची, सूर येतोय का. यायचा. फोनला काही झालं नव्हतं. ग्लेडा आता कुंपणापलीकडून हात करू लागली होती, पण वर्लीनला तिथे जावंसं वाटेना. घर राहिलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. त्याने ऐकलं, त्याला कळलं, आणि तरी तो बोलला तो कंपनीशी. हे तिला गिळताही येईना आणि कुणाला सांगताही येईना.

दहाव्या दिवशी कंपनीचं पाकीट आलं. आत एक छापील पत्र होतं: आपल्या यादीतील एका व्यक्तीने नाव काढून घेतले आहे, कराराप्रमाणे यादीत दहा नावे असणे आवश्यक आहे, कृपया दुसरी व्यक्ती कळवावी. खाली एक रिकामी ओळ होती. आपला ठावठिकाणा कायम माहीत असेल अशी, पण आपल्या घरात न राहणारी व्यक्ती.

वर्लीनने टेबल पुसलं, चष्मा चढवला आणि पेन घेतलं. ग्लेडाची मुलगी आठवली, धुलाईखात्यातली नवी बाई आठवली. तिने दोघींनाही लिहिलं नाही. नावाच्या जागी तिने सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं: वेंडल स्टिडम. नात्याच्या जागी लिहिलं: मुलगा.

फोन नंबरच्या जागी पेन थांबलं. मग तिथे तिने लिहिलं: तुमच्याकडे आहे.