थोरली, धाकटी आणि ओलं फडकं

नर्सरीतल्या सासूबाई होस्टा नावाची शोभेची पानझाडं ओळखायच्या ती पान उलटं करून, त्याच्या पाठीवर अंगठा फिरवून. हिरव्या पानाला फिकी कड असलेल्या दोन जाती त्यांच्याकडे होत्या. कुंडीत लहान असताना वरवर पाहता अगदी जुळ्या. जमिनीत लावल्या की मात्र एक कमरेपर्यंत फोफावायची, दुसरी वीतभरच राहायची. म्हणून नावं थोरली आणि धाकटी. थोरलीच्या पानामागे पिठासारखी पूड असते, धाकटीची पाठ गुळगुळीत.

ही खूण त्यांनी सुनेलाही सांगितली नव्हती. गेली दोन वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं, सगळी भिस्त अंगठ्यावर होती. सुनेला हे कळलं तर ती आपल्याला घरी बसवेल, या धास्तीने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशी वाचनालयाचे माळीबुवा पायवाटेच्या कडेला लावायला वीस धाकट्या न्यायला आले.

"एकही थोरली नको हं. दोन वर्षांत वाट गिळून टाकेल."

"मला शिकवताय होय?" म्हणत सासूबाईंनी मिसळलेल्या कुंड्यांवर अंगठा चालवला. पहिली धाकटी. दुसरी धाकटी. बारावीसुद्धा धाकटीच.

"सगळ्याच?" सून म्हणाली. "आई, कालच तर म्हणालात, निम्म्या थोरल्या आहेत."

सासूबाईंनी घाईने पहिल्या कुंडीकडे हात नेला. पुन्हा अंगठा फिरवला. पूड कुठेच नाही.

"छान दिसताहेत ना?" सून उत्साहाने सांगू लागली. "माळीबुवा येणार म्हणून सकाळपासून एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. मागची पांढरी धूळसुद्धा ठेवली नाही!"

माळीबुवा खो खो हसले. "म्हणजे सूनबाईंनीच घोळ घातला म्हणा की!"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सासूबाईंची सुटका होती. सुनेचा चेहरा त्यांना धूसरच दिसत होता, पण एरवी अखंड बडबडणारी पोर एकदम गप्प झाली होती. त्यांना ते सोसवेना.

"घोळ तिचा नाही," त्या म्हणाल्या. "धडधाकट डोळ्यांचं माणूस पुसलेलं पानही ओळखेल. थोरलीची कड पिवळसर, धाकटीची दुधासारखी पांढरी. मला मेलीला दोन वर्षं सगळंच पिवळं दिसतंय."

माळीबुवा उगाच टोपी झटकत राहिले. सून उकिडवी बसली आणि पिवळ्या कडेच्या कुंड्या एकीकडे, पांढऱ्या दुसरीकडे करू लागली. अर्ध्या तासात वीस धाकट्या हातगाडीत चढल्या.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," माळीबुवा जाताच तिने फर्मान काढलं.

"आणि इथे कोण बघणार?"

"मी आहे ना. आणि परवा तुम्ही येऊन माझ्या चुका काढा. त्या काढायला तरी तुम्ही हव्यातच मला."

सासूबाईंना इतकं हायसं वाटलं, की फडक्यावरून तिला चांगलं झापायचं होतं ते राहूनच गेलं.