दाराला लावलेली पाठ

आमच्या घाऊक औषधदुकानातल्या शीतखोलीचा कॉम्प्रेसर सकाळीच बसला. आत गावातल्या सगळ्या औषधदुकानांचं इन्सुलिन. दुरुस्तीसाठी मिस्त्रीने मेन स्विच पाडला, तसा दारावरचा तापमानाचा आकडाही विझला. आत गारवा किती उरलाय, कुणालाच कळेना.

वहिनीने स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून बसली.

आलो : मी, तिचा दीर

"वहिनी, नुसती फट कर. डोकावतो नि लावतो."

"भावजी, गारवा फटीतूनच जातो. तुम्ही डोकावलात म्हणून परत येईल का?"

दुकानाचा गल्ला माझ्याकडे, शीतखोलीची किल्ली तिच्याकडे. गल्ल्यावर जाऊन बसलो.

आला : शेजारचा आइस्क्रीमवाला, हातगाडी घेऊनच

"ताई, माझा फ्रीझर अर्धा रिकामा आहे. टाका सगळं त्यात."

"दादा, तुमचं मन मोठं. पण इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं."

"म्हणजे माझा फ्रीझर जास्तच चांगला आहे," म्हणत तो गेला. हातगाडी तिथेच ठेवून गेला, लागली तर असू दे म्हणून.

आले : बाबा

माझे वडील, तिचे सासरे. या धंद्यात केस पिकलेले. त्यांची स्वतःची उद्याची कुपीही आतच.

"सूनबाई, आत काय चाललंय ते न बघता नुसतं बसायचं?"

"हो, बाबा."

"आणि खराब झालं असलं तर?"

"उघडून सुधारेल?"

बाबांनी मला दुसरं स्टूल आणायला लावलं. आता दाराला दोन पाठी.

आलं नाही : कुणीच

(इथे बराच वेळ काही घडत नाही. ते घडू न देणं, हेच तिचं काम.)

आला : मिस्त्री, हात पुसत

खटका. आतून घरघर. आकडा उजळला : सात अंश. आठच्या वर गेला असता तर सगळं फेकावं लागलं असतं.

बाबा बघतच राहिले. "आता तरी उघड."

"आता कशाला? जरा दम खाऊ द्या कॉम्प्रेसरला."

घरी, संध्याकाळी

भाजी कोणती करावी या विचारात वहिनी फ्रिज सताड उघडा टाकून उभी. रोजचंच. रोज बाबा आतून ओरडतात, "दार लाव."

आज ते म्हणाले, "बघ सावकाश."