पाचवं मत

गुलाबसिंग गुरुजींना या खेळात मीच ओढलं. कोरोनात वाचनालय बंद पडलं. त्याआधी दोन वर्षं मी तिथून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो होतो, तरी रोज जाऊन बसायचो. दार बंद झालं तशी जी दोन-चार माणसं माझ्याशी बोलायची तीही बंद झाली. गुरुजी त्यांतले एक. धडगावला प्राथमिक शिक्षक होते. महिन्यातून एकदा घाट उतरून नंदुरबारला येत आणि दोन पुस्तकांचा नियम असताना चार नेत. मी कधी अडवलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीतला बेकायदेशीरपणा तेवढाच.

खेळाचं नाव ‘सप्तगड’. मोबाइलवर खेळायचा. आपण एक पात्र घ्यायचं, इंटरनेटवरच्या आणखी सात जणांबरोबर टोळी करायची आणि एकेक गड सर करायचा. लढाईत मला रस नव्हता, हातही चालत नव्हता. पण प्रत्येक गडावर शिलालेख होते, आणि ते एकापुढे एक वाचत गेलं की एका बुडालेल्या राज्याची लांबलचक गोष्ट उलगडत होती. मी गुरुजींना कळवलं, ‘यात वाचायला पुष्कळ आहे.’ ते आले.

ते ढालकरी झाले, मी वैद्य. ढालकऱ्यानं पुढं राहून मार खायचा, वैद्यानं मागून त्याच्या जखमा भरायच्या. दर रविवारी दुपारी चारला आम्ही जमायचो. माझी बायको प्रमिलाबाई समोर धान्य निवडत बसलेली असायची.

“म्हातारपणमा लढाई करी ऱ्हायनात,” ती म्हणायची. “आनि घरमा झुरळ दिखनं का मले हाक मारतस.”

ते खरंच होतं. पण लढाई संपली की टोळीची माणसं खेळातल्या शेकोटीभोवती बसत, आणि तिथं मी आणि गुरुजी एकमेकांना लिहायचो. काय वाचलं, त्यांच्या बायकोचा, कालीबाईंचा गुडघा, माझं पित्त. समोरासमोर माझ्या तोंडून दोन वाक्यं निघत नाहीत. तिथं निघायची. चार वर्षांत मी जगात कुणाशी बोललो असेन तर त्यांच्याशी.

यंदा गणपतीच्या सुमारास खेळाचा नवा भाग आला, ‘आठवा गड’. पहिल्याच दिवशी कळलं की आम्ही चार वर्षं जमवलेली शस्त्रं, चिलखतं, औषधं मोडीत निघाली. नव्या गडाच्या पायथ्याला फुकट मिळणारी सुरी माझ्या वैद्याच्या सगळ्यात चांगल्या काठीपेक्षा भारी होती. पुन्हा पहिल्यापासून जमवायचं. टोळीचा म्होरक्या इंदूरचा धर्मेंद्र. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना त्याचं काही वाटलं नाही, ते रोज सहा-सहा तास खेळत. आम्ही दोघं, सुरतची रिना आणि विसरवाडीला मोबाइलचं दुकान चालवणारा भाग्येश रविवारचे खेळाडू. मागं पडलो.

तरी धकलं असतं. अडलं ते गडाच्या दारात. तिथं आठ दगड होते आणि घंटा वाजली की आठही जणांनी त्याच क्षणी आपापल्या दगडावर पाय ठेवायचा. एकाला जरा उशीर झाला तरी सगळे मेले. उशीर गुरुजींना व्हायचा. त्यांच्या घरी रेंज नव्हती. ते गावाबाहेरच्या चढावर मोटारसायकल उभी करून, तिच्या सीटवर बसून खेळत. तिथंही घंटा त्यांना आमच्यामागून ऐकू यायची.

“गुरुजी, सो गये क्या?” धर्मेंद्र विचारायचा.

“जागा आहे,” गुरुजी लिहायचे. “घंटा घाटात अडकली.”

पहिले दोन रविवार सगळे हसले. पाचव्या रविवारी कुणी हसलं नाही.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते इथं लिहायला हवं. दाराच्या आत शेवटचा शिलालेख होता. राज्य का बुडालं ते त्यात होतं. मी सातही गडांचे लेख वहीत उतरवून घेतले होते, त्या वहीची शेवटची पानं मोकळी होती. मी रविवारची वाट बघत होतो आणि दर रविवारी गुरुजींचा पाय दगडावर उशिरा पडत होता. मला त्यांचा राग येऊ लागला होता. आपल्यासारख्या माणसाला कुणाचा राग यावा, याचंच मला नवल वाटायचं.

दिवाळीनंतरच्या रविवारी दारात तेराव्यांदा मेलो आणि पडद्यावर एक चौकट उघडली. ‘ढालकरी गुलाबसिंग यांना टोळीतून वगळावं का? हो. नाही.’ ज्याच्याबद्दल मत आहे त्याला ती दिसत नाही. उरलेल्या सातांनी द्यायचं आणि पाच ‘हो’ पडले तरच माणूस जातो. धर्मेंद्रची आणि त्याच्या मित्रांची मिळून चार ठरलेलीच होती.

वीस सेकंद होती. मी चौकट दोनदा वाचली. मी काहीही न वाचता दाबत नाही. मग ‘हो’ दाबलं.

गुरुजी दगडावर उभे होते ते नाहीसे झाले. दोन मिनिटांत त्यांच्या जागी कुणी अनोळखी ढालकरी आला. घंटा वाजली, आठ पाय पडले, दार उघडलं. आत भिंतभर लेख होता. माझी वही उघडून तयार होती. लेखाची पहिली ओळ उमटली आणि धर्मेंद्रनं ‘पुढे’ दाबलं. नव्या भागात म्होरक्यानं ‘पुढे’ दाबलं की सगळ्यांचंच पुढे जातं, हे मला तेव्हा कळलं.

मी त्याच संध्याकाळी गुरुजींना फोनवर लिहिलं, ‘वाईट झालं. मी नाही म्हटलं होतं.’

‘माहीत आहे,’ त्यांचं उत्तर आलं.

पंधरा दिवसांनी ते डोळे दाखवायला नंदुरबारला आले आणि तपासणी झाल्यावर घरी आले. डोळ्यात औषध घातल्यामुळं काळा चष्मा होता. वाऱ्यावर गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका होता, ते दारातच दोनदा शिंकले.

“या, बठा,” प्रमिलाबाई म्हणाली. “जेवीसनच जा आते.”

“जीप चुकेल, वहिनी. चहा घेतो.”

चहा आला. त्यांनीच विचारलं.

“शेवटच्या लेखात काय निघालं, अमृतभाऊ?”

“वाचता आला नाही. धर्मेंद्रनं पुढे दाबलं.”

ते हसले. “म्हणजे मी गेलो ते फुकटच.”

मी बशीकडे बघत होतो.

“एक विचारू का?” ते म्हणाले. “मला काढलं तेव्हा आकडे आले होते. पाच हो, दोन नाही. नंतर रिनानं कळवलं, मी नाही म्हटलं. भाग्येशनं कळवलं, मी नाही म्हटलं. तुम्ही तर कळवलंच. हे तीन झाले.”

आतून कुकरची शिट्टी झाली.

“कुणीतरी खोटं बोललं,” गुरुजी म्हणाले. “पोरगी तशी नाही वाटत. भाग्येश असेल.”

काळ्या चष्म्याआड त्यांचे डोळे दिसत नव्हते. मला तेव्हाच बोलायचं होतं. वाक्य तयारही होतं, फार लहान होतं.

“असेल,” मी म्हणालो.

“त्याला वाटलं असेल, सगळे म्हणतात तर आपण कशाला आड यायचं. भित्रा माणूस वाईट नसतो.” त्यांनी कप खाली ठेवला. “पण दगडावर आपल्या शेजारी उभा केला तर त्याचा पाय लटपटतो. त्याला काही बोलू नका.”

“नाही बोलणार.”

मी त्यांना स्टॅंडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते ढालीबद्दल, नातवाबद्दल, कालीबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. परत येताना मी स्वतःची समजूत घातली की त्यांना सगळं कळलंय. भाग्येशचं नाव घेऊन ते माझ्याशीच बोलत होते, मला वाट करून देत होते, आणि त्यांनी मला माफ केलंय. चार दिवस मी या समजुतीवर बरा जेवलो.

रविवारी चारला मी खेळ उघडला. गुरुजी नसताना का उघडला ते सांगता येत नाही. शेकोटीपाशी भाग्येश एकटाच होता. त्यानं मला खासगीत लिहिलं.

‘काका, गुरुजी माझ्यावर चिडलेत का? फोन उचलत नाहीत. मेसेज केला तर ब्लॉक करून टाकलंय मला. मी काय केलं?’

म्हणजे गुरुजींनी खरोखरच भाग्येशला खोटा धरलं होतं.

मी बराच वेळ अक्षरं लिहीत आणि पुसत राहिलो. मग लिहिलं, ‘डोळ्यांचा त्रास आहे त्यांना. फोन नीट दिसत नाही, चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल.’

‘बरं झालं सांगितलं,’ भाग्येशनं लिहिलं. ‘मला उगाच वाटत होतं.’